मशीन बंद, तरी शॉक! पॉलिस्टरच्या वॉर्पिंगवर हा करंट येतो कुठून?

ताणाबाणा (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. आमचं छोटं वॉर्पिंग खातं आहे, म्हणजे कापड विणायच्या आधी ताण्याचे धागे शेजारी शेजारी ड्रमवर आणि मग बीमवर (मागाच्या मोठ्या रिळावर) गुंडाळायचं काम. सेक्शनल मशीन. वडिलांच्या काळापासून सगळं कॉटनवर चालायचं. दिवाळीनंतर एका पार्टीनं पॉलिस्टर फिलामेंटचं काम दिलं, आणि थंडी पडली तसा डोक्याला ताप सुरू झाला.

क्रीलवरून (सुताचे कोन लावायची चौकट) फणीपर्यंत तारा, म्हणजे सुताचे धागे, बऱ्या येतात. फणी सोडून ड्रमकडे निघाल्या की फुगतात, पसरतात, मधेच शेजारच्या तारेत गुंततात. तुटलेली तार शोधायला हात घातला की हातावरचे केस उभे राहतात आणि सुटी तार हाताच्या मागं मागं येते. सकाळी कमी असतं, दुपारी दोन-तीनला कहर.

आणि शॉक! ड्रमपाशी उभं राहून फ्रेमला बोट लागलं की चट् असा आवाज येऊन बसतो. मेन स्विच पाडून बघितलं, मशीन पूर्ण बंद, तरी बसतो. त्याहून डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे फ्रेमचा शॉक खाऊन झाल्यावर तिथून सरळ चालत जाऊन शटरला हात लावला की परत एक बसतो. एकदा करंट उतरला तर दुसरा आला कुठून?

इलेक्ट्रिशियननं नवीन अर्थिंग करून दिलं. खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून, तांब्याची प्लेट घालून. मीटर लावून दाखवलं, अर्थिंग एकदम पक्कं. फरक शून्य. वडील म्हणतात सूत खराब आहे. कामगार म्हणतात मशीनला काहीतरी लागलंय, लिंबू बांधा. एका ओळखीच्या मागवाल्यानं सांगितलं की फणी आणि पोर्सेलीनचे डोळे (धागा ओवायची भोकं) पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून काढा, तेलकटपणा गेला की करंट जातो. करू का? आणि जमलं तर हे नेमकं होतं कसं तेही कुणीतरी सांगा. शाळेत कंगवा आणि कागदाचे कपटे एवढंच शिकलोय.

---

देवमाणूस_७

शरीरात उष्णता वाढली की असं होतं. तांब्याचं कडं घाला हातात. आमच्या मामांना गुण आला.

---

फिटरकाका

आधी पेट्रोलचा बोळा खाली ठेव. मग पुढचं वाच.

मी सूतगिरणीत मेंटेनन्सला होतो, निवृत्त झालो. पॉलिस्टर-व्हिस्कोस ब्लेंड चालवायला घेतलं तेव्हा थंडीत हाच खेळ आमच्या खात्यात रोज चालायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणूस म्हणजे एक छोटा कपॅसिटर, चार्ज साठवणारी वस्तू असतो. साठवायची ऐपत, म्हणजे कपॅसिटन्स, शंभर ते दोनशे पिकोफॅरड. दीडशे धर. शॉक बसल्याचं माणसाला जाणवतंच मुळी साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढं. दीडशे पिकोफॅरड आणि तीन हजार व्होल्ट, म्हणजे ठिणगीत ऊर्जा निघाली ०.६७ मिलिज्यूल. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असली तर ती पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास पुरतं. म्हणजे तुला नुसती मुंगी चावल्यागत वाटणारी ठिणगीसुद्धा पेट्रोलला दुपटीपेक्षा जास्त झाली. आणि तुझ्या बोटाला जे चट् वाजतंय ते दहा हजार व्होल्टकडचं असणार. तिथं हिशेब साडेसात मिलिज्यूलवर जातो, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. बाजूला सगळीकडं सुताची फूस पडलेली. सांगणाऱ्याला म्हणावं, स्वतःच्या खात्यात करून दाखव.

आता दुसरी गोष्ट. हा स्टॅटिकच (घासून साठलेला चार्ज) आहे की खरोखर लीकेज (लाइनचा करंट फ्रेममध्ये उतरणं), ते आधी ठरव. स्टॅटिकचा शॉक एकदा बसतो आणि संपतो. हात तसाच ठेवला तर पुढं काही नाही. लीकेज असेल तर हात ठेवल्या ठिकाणी झिणझिण्या येत राहतात. टेस्टर फ्रेमला टेकवून धर. त्यातला निऑन दिवा पेटून राहिला तर खटका पाड आणि इलेक्ट्रिशियनला परत बोलव, मग माझं बाकीचं वाचू नकोस. एकदाच लुकलुकला आणि विझला, तर स्टॅटिक.

तू मशीन बंद करून बघितलंस आणि तरी बसला, म्हणजे स्टॅटिकच दिसतंय. तर मग अर्थिंग का चाललं नाही?

अर्थिंग तू मशीनचं केलंस. धाग्याचं कुठं केलंस?

लोखंडात चार्ज पाहिजे तिकडं पळतो. फ्रेमला एका टोकाला तांब्याची पट्टी जोडली की अख्ख्या फ्रेमवरचा चार्ज त्या वाटेनं जमिनीत जातो. पॉलिस्टरमध्ये चार्ज जिथं बसला तिथंच बसून राहतो. त्याला हलता येत नाही. तारेचं एक टोक तू अर्थच्या पट्टीला गाठ मारून बांधलंस तरी गाठीच्या वीतभर पलीकडचा चार्ज तसाच राहणार. इलेक्ट्रिशियनची काही चूक नाही. त्याचं काम चोख आहे, फक्त ते लोखंडापुरतं आहे.

"वीज येते कुठून" याचं उत्तर: तुझ्या मोटारीतून. वायरमधून नव्हे, ओढण्यातून. तार पोर्सेलीनच्या डोळ्यावरून, फणीच्या दातावरून घासत जाते. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडं जातात. टेकलेले असतात तोवर काही जाणवत नाही, कारण उणं आणि अधिक शेजारी शेजारी असतात. मग मोटार तार पुढं ओढते. आता उणं इकडं आणि अधिक तिकडं, आणि ते एकमेकांना ओढून धरतायत. त्या ओढीच्या विरुद्ध मोटार जे काम करते तेच व्होल्ट होऊन बसतं. चार्ज तेवढाच, अंतर वाढेल तसं व्होल्टेज चढत जातं. म्हणून तुला फणीपर्यंत तारा बऱ्या दिसतात आणि फणी सोडल्यावर नाटक सुरू होतं. मशीन बंद केलंस तरी ड्रमवर गुंडाळलेल्या सुतात तो चार्ज बसलेलाच आहे. स्विचचा त्याच्याशी काय संबंध?

फुगण्याचं कारणही तेच. एका तारेत पुष्कळ बारीक फिलामेंट असतात, सगळ्यांवर एकाच जातीचा चार्ज, म्हणून एकमेकांपासून लांब पळतात. शेजारशेजारच्या ताराही तशाच एकमेकींना ढकलतात, जागा सोडतात आणि तिसरीत जाऊन गुंततात.

तुझ्या दोन शॉकचं कोडं मला आवडलं. बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही. ड्रमवरच्या सुतावर उणा चार्ज आहे असं समज. तू रबरी चपला घालून शेजारी उभा. सूत तुझ्या अंगातल्या इलेक्ट्रॉनना लांब ढकलतंय, पण चपलेमुळं त्यांना जायला वाट नाही. फ्रेमला बोट लावलंस की वाट मिळाली, ते फ्रेममध्ये उतरले. हा पहिला शॉक. आता तुझ्या अंगात इलेक्ट्रॉन कमी पडले, म्हणजे तू अधिक झालास. सुताजवळ उभा आहेस तोवर कळत नाही. तिथून लांब गेलास की तो अधिकपणा मोकळा होतो आणि शटरला हात लावल्यावर तिकडचे इलेक्ट्रॉन तुझ्याकडं उडी मारतात. हा दुसरा. पहिल्यात गेले, दुसऱ्यात आले. सुताला तू हातही लावला नाहीस आणि त्याच्यावरचा चार्ज इवलाही कमी झाला नाही, त्यामुळं दिवसभर हा खेळ कितीही वेळा होईल.

पटत नसेल तर बघायचा उपाय आहे. पारदर्शक दांडीचा साधा निऑन टेस्टर घे. आत काचेच्या नळीत दोन काड्या असतात. एसीवर दोन्ही उजळतात. एकाच दिशेनं करंट गेला तर जी काडी उणी असेल तीच उजळते. खात्यात अंधार करून, टोपीला बोट लावून टेस्टर धर, चपला घालूनच. ड्रमजवळ उभा राहून टोक फ्रेमला लाव. मग लांब जाऊन टोक शटरला लाव. माझं म्हणणं खरं असेल तर एकदा हाताकडची काडी लुकलुकेल आणि एकदा टोकाकडची. करून सांग. उपायाचं मग बोलू.

आणि कडं घालून काही होत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मनगटाला पट्टा बांधतात तो वायरनं अर्थला जोडलेला असतो, मधे एक मेगओमचा रेझिस्टर घालून. हवेत लोंबणारं कडं कुणाला काय देणार? आणि हे वाचून चालत्या वॉर्पिंगवर मनगटाला वायर बांधायला जाऊ नकोस. ड्रम हातासकट ओढून नेईल.

---

भौतिकीच्या_बाई (नाशिक)

काकांनी इतकं नेटकं सांगितलंय की वर्गात वाचून दाखवावं. दोन-तीन गोष्टींची भर घालते, कारण प्रश्नकर्त्यानं "होतं कसं" असंही विचारलंय.

"घर्षणानं वीज तयार होते" हे आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय, पण घासणं हे मुख्य कारण नव्हे. मुख्य गोष्ट म्हणजे स्पर्श आणि मग विलग होणं. डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग खरोखर टेकतात ते फार थोड्या ठिकाणी. घासल्यामुळे टेकणारी ठिकाणं वाढतात, एवढाच त्याचा हातभार. चिकटपट्टी रिळावरून नुसती उचकटली तरी ती बोटाकडे ओढली जाते, तिथे कुणी काही घासलेलं नसतं.

विद्युतभार "तयार" होत नाही हेही मुलांच्या डोक्यात बसवायला वेळ लागतो. एकीकडचा दुसरीकडे गेला, बेरीज तीच. आणि जातो तरी किती? सपाट पृष्ठभागावर भार वाढत गेला की एका मर्यादेनंतर शेजारची हवाच फुटते. हवा साधारण दर सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट एवढंच सहन करते. त्या मर्यादेचा हिशेब मांडला तर एका चौरस सेंटिमीटरवर जास्तीत जास्त १६-१७ अब्ज इलेक्ट्रॉन मावतात. आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्याच जागेत पृष्ठभागावर अणू असतात ढोबळमानानं १ वर १५ शून्यं इतके. म्हणजे ६० हजार अणूंमागे एखादा इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाला की तुमचं सूत फुगायला लागतं. म्हणूनच हा प्रकार इतका लहरी असतो. बोटाचा घाम लागला, तेलाचा ओशट थर बसला, हवा बदलली, की सगळं गणित फिरतं.

कोण घेणार आणि कोण देणार याची एक क्रमवारी लावलेली आहे. काच, माणसाचे केस, नायलॉन, लोकर हे बहुतेक वेळा देणारे. पॉलिस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन हे घेणारे. कापूस मधे कुठेतरी. एवढ्या जुन्या प्रकाराचं मुळाशी काय चालतं यावर मात्र अजून वाद आहेत. इलेक्ट्रॉनच जातात, की पृष्ठभागावरचे आयन (भार असलेले अणू-रेणू) जातात, की पदार्थाचे सूक्ष्म कण तुटून भारासकट चिकटतात? पदार्थ बदलला की यांतला वाटेकरी बदलतो असं दिसतं. एकाच पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांवर घासले तरी भार येतो, तो का, यावर अजूनही शोधनिबंध निघतात.

विद्युतभार दोन जातींचा असतो हे फ्रान्समध्ये द्यू फे यांनी १७३३ मध्ये दाखवलं, अधिक-उणे ही नावं त्यानंतर फ्रँकलिननी दिली. आणि काकांनी दोन शॉकचं जे वर्णन केलंय तो तर व्होल्टाचा इलेक्ट्रोफोरस! व्होल्टांनी १७७५ मध्ये गाजवलेलं उपकरण, त्याआधी स्वीडनच्या विल्केंनी तसंच करून पाहिलं होतं. राळेच्या वडीवर एकदा भार आणायचा, वर धातूची तबकडी ठेवायची, तिला बोट लावायचं, तबकडी उचलायची, ठिणगी काढायची. वडीवरचा भार न संपवता पुन्हा पुन्हा. तुमच्या खात्यात ड्रमवरचं सूत म्हणजे वडी आणि तुम्ही स्वतः तबकडी. यालाच आपण प्रवर्तन म्हणतो. बारावीच्या मुलांना हे मी इतकी वर्षं ॲल्युमिनियमच्या ताटलीवर दाखवतेय. आता इचलकरंजीचं उदाहरण देईन.

एक राहिलं. "दमट हवेतून वीज वाहून जाते" असं सर्रास म्हटलं जातं. दमट हवा स्वतः काही चांगली वाहक नसते. हवेतलं पाणी वस्तूंवर अतिशय पातळ थर धरतं, त्यात थोडे क्षार विरघळतात, आणि त्या थरावरून भार पसरत निघून जातो. कापूस पाणी धरतो, प्रमाणित हवेत वजनाच्या साडेआठ टक्के. पॉलिस्टर धरतं ०.४ टक्के. तुमच्या वडिलांना आयुष्यभर हा त्रास झाला नाही त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे. सूत खराब नाहीये हो.

---

कॅल्गरीकर_मंजू

मी माहेरची रत्नागिरीची. लग्न होऊन इथे कॅनडात येईपर्यंत हा प्रकार माहीतच नव्हता, तिकडे हवाच अशी की कपडे दोन दिवस वाळत नाहीत. इथे जानेवारीत लाइटच्या बटणाला हात लावायची भीती वाटते. मुलाला शाळेत सोडताना पापा घेतला तरी दोघांना बसतो!

नवऱ्यानं मला हिशेब करून दाखवला होता. उणे २० अंशांची हवा, बाष्पानं पूर्ण भरलेली असली तरी घनमीटरला ग्रॅमभरच पाणी धरते. तीच घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची पाणी धरायची ऐपत होते १८ ग्रॅमची. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५-६ टक्के. घरात स्वयंपाक, अंघोळी, माणसं असतात म्हणून प्रत्यक्षात जरा बरी असते, पण गंमत बघा, बाहेर ढीगभर बर्फ आणि घरात वाळवंट.

माझी युक्ती: दाराच्या मुठीला बोटानं हात लावायचा नाही. हातात किल्ली घट्ट धरायची आणि किल्लीचं टोक आधी टेकवायचं. ठिणगी तेवढीच पडते, पण बोटाच्या टोकावर एका बिंदूत न पडता किल्लीला पडते आणि करंट तळहातभर पसरून जातो. दुखत नाही. गाडीतून उतरताना सीटवरून उठायच्या आधीच दाराचं लोखंड धरायचं आणि पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही. स्वेटर आणि सीटचं कापड वेगळं होताना जो चार्ज येतो तो तिथल्या तिथे निघून जातो.

सकाळी कमी आणि दुपारी जास्त हेही तेच ना काका? दुपारी हवा तापते आणि कोरडी होते?

---

फिटरकाका

तेच. पाणी तेवढंच, हवा गरम झाली की टक्का पडतो. ताणाबाणा, शे-दोनशेत मिळणारा आर्द्रतेचा डिजिटल मीटर आणून ड्रमजवळ टांग.

---

ताणाबाणा (इचलकरंजी)

काका, केलं! काल रात्री लाइट घालवून आम्ही चौघं टेस्टर घेऊन बसलो होतो. वडील पण.

ड्रमजवळ फ्रेमला टोक लावलं, हाताकडची काडी लुकलुकली. शटरला जाऊन लावलं, टोकाकडची लुकलुकली! चार-पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तसंच. वडील काही बोलले नाहीत पण लिंबू काढून टाकलं.

मीटर टांगलाय. सकाळी सातला ६१ टक्के, दुपारी तीनला २७.

आणखी एक लक्षात आलं. आमचे एक मामा आहेत बीम भरायला, ते कायम अनवाणी असतात. त्यांना शॉक बसतच नाही. मी त्यांच्याच जागी चपला घालून उभा राहिलो की बसतो. अनवाणीच काम करू का मग?

---

फिटरकाका

काडीवरून आता सुताची जातही कळली. पहिल्यांदा हाताकडची काडी उणी, म्हणजे इलेक्ट्रॉन तुझ्याकडून फ्रेममध्ये गेले, म्हणजे सूत उणं. पॉलिस्टर घेणाऱ्यातलं, बाईंनी सांगितलं तसंच.

मामांचं गणित सोपं आहे. अंगातून जमिनीपर्यंतच्या वाटेचा रेझिस्टन्स गुणिले अंगाचा कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज उतरायला लागणारा वेळ. अनवाणी पाय आणि कोबा मिळून हजार मेगओम जरी असले तरी वेळ येतो ०.१५ सेकंद. फ्रेमला हात पोचायच्या आत मामा रिकामे. तुझ्या रबरी चपलेचे दहा लाख मेगओम धरले तर १५० सेकंद, अडीच मिनिटं. तेवढ्यात तू शटरपर्यंत जाऊन परत येशील. पण अनवाणी काम करू नको. जी वाट चार्जला सोपी तीच २३० व्होल्टलाही सोपी, उद्या कुठं वायर सोलली तर मामांनाच पहिला फटका. अँटिस्टॅटिक तळाचे बूट मिळतात, त्यांचा रेझिस्टन्स मधला ठेवलेला असतो. चार्ज उतरतो आणि लाइनचा करंटही आटोक्यात राहतो.

दहा हजार व्होल्ट खाऊन तू जिवंत कसा, हे तू विचारलं नाहीस पण वडील विचारतील. व्होल्ट दहा हजार, पण माल किती? दीड मायक्रोकूलोम. इलेक्ट्रॉनात मोजलं तर नऊ लाख कोटी, पण एका क्षणात संपतात आणि मागं काही नसतं. २३० च्या वायरीमागं अख्खं वीज केंद्र उभं असतं. खरा धोका शॉकचा नाही, शॉकनं दचकून हात चालत्या ड्रमवर किंवा फणीवर जाण्याचा आहे.

आता उपाय.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पाणी. दुपारचे २७ टक्के ६० च्या पुढं न्यायचे. खिडक्यांना ओले बारदान, जमिनीवर पाणी, हे पहिल्या दिवशी करून बघ, फरक कळेल. पण रोजचं काम असेल तर फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) बसव, कारण बारदान दुपारी दोनला कोण भिजवत बसणार? पॉलिस्टर पाणी पीत नाही, वरचा थर तेवढा ओलसर होतो. म्हणून नुसत्या पाण्यावर भागेल असं नाही.

दुसरं, तेल. कंपनी फिलामेंटला स्पिन फिनिश लावूनच पाठवते, त्यात अँटिस्टॅटिक असतं. पेट्रोलनं पुसायला निघालेलास तो तेलकटपणा बहुतेक तोच! माल जुना असेल, गोदामात पडून असेल, तर फिनिश कमी झालेलं असू शकतं. दुसऱ्या लॉटचे कोन लावून बघ. फरक पडला तर पार्टीशी बोल.

तिसरं आणि खरं औषध, आयनायझर बार. सुतावरचा चार्ज जमिनीपर्यंत नेता येत नाही, तर त्याच्या विरुद्ध जातीचा चार्ज हवेतून सुतापर्यंत आणायचा. बारमध्ये सुयांची रांग असते, त्यांना पाच-सात हजार व्होल्ट एसी देतात. सुईच्या टोकाशी हवा फुटते, दोन्ही जातीचे आयन तयार होतात, सुताला जे पाहिजेत ते सूत ओढून घेतं. त्याची स्वस्त बहीण म्हणजे कार्बन फायबरचा ब्रश किंवा तांब्याची झिरमिळी. सुतावर आडवी ताणायची, स्पर्श न करता अगदी जवळ, आणि अर्थला जोडायची. तिला लाइट लागत नाही, सुतावरचाच चार्ज टोकाशी हवा फोडतो. पण सुतावर चांगला काही हजार व्होल्ट चार्ज असेल तरच ती काम करते. उरलेला थोडा तसाच सोडते.

बार कुठं लावायचा यावर लोक हमखास घोळ घालतात. फणीच्या आधी लावून उपयोग नाही, फणी परत चार्ज करणार. शेवटचा दात सुटल्यानंतर, ड्रमच्या आधी. आणि सूत रुळावर टेकलेलं असतं तिथं तर नकोच. मागं लोखंड आलं की सुताच्या चार्जची ओढ सगळी लोखंडाकडं वळते, समोरचे आयन ओढलेच जात नाहीत. मोकळी तार जिथं हवेतून जाते तिथं, एक-दोन इंच अंतर ठेवून, मागं-पुढं लोखंड नाही असं बघून. सुयांवर फूस आणि तेल बसतं. खटका पाडून जुन्या टूथब्रशनं नियमित साफ करायच्या, नाहीतर महिन्याभरात बार नुसता शोभेचा.

---

पावडरवाला_भोसरी

आमचा धंदा बरोबर उलटा. पावडर कोटिंग, म्हणजे लोखंडावर रंगाची पावडर चिकटवून भाजायची. आम्ही गनमध्ये ६० ते १०० किलोव्होल्ट देऊन पावडरीला मुद्दाम उणा चार्ज देतो, म्हणजे ती अर्थ केलेल्या जॉबला (रंगवायच्या वस्तूला) जाऊन चिकटते.

एक अनुभवाची गोष्ट सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. आमचे जॉब हुकला टांगलेले असतात. हुकवर पावडरीचे थर भाजून भाजून बसले की हुक आणि जॉबमध्ये लोखंडाला लोखंड लागत नाही. वरून बघावं तर सगळं लोखंडच, पण जॉब अर्थपासून तुटलेला. पावडर बसत नाही, आणि पोऱ्यानं जॉब काढायला हात लावला की सणसणीत बसतो. माणसापेक्षा मोठी लोखंडी वस्तू अशी सुटी राहिली तर तिच्यात मालही जास्त साठतो.

तुमच्याकडे बीम कशावर ठेवता? ट्रॉलीची चाकं रबराची की लोखंडी? बीमच्या शाफ्टला नायलॉनचा बुश आहे का, मधे रंग आहे का? फ्रेमला अर्थिंग आहे म्हणजे तिच्यावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला आहे असं धरू नका. मीटर लावून एकेक बघा.

---

ताणाबाणा (इचलकरंजी)

भाऊ, बीम ट्रॉलीची चाकं पॉलियुरेथेनची आहेत. मागच्याच वर्षी बदलली, लोखंडी चाकांनी कोबा उखडत होता म्हणून. आत्ता मीटर लावला, ट्रॉली ते अर्थ काहीच दाखवत नाही, पूर्ण ओपन. ड्रमचं ठीक आहे.

काका, आधी झिरमिळी लावून बघतो, मग बारचं कोटेशन मागवतो. ट्रॉलीला काय करू? साखळी लोंबती सोडू का, टँकरला असते तशी?

---

फिटरकाका

साखळी फूस आणि तेलात चालून दोन दिवसांत निकामी होते, आणि कोरडा कोबा काही चांगला अर्थ नव्हे. बीम भरताना ट्रॉली एका जागी उभीच असते ना? मग फ्रेमवरून एक लवचिक वेणीची वायर काढ, टोकाला मजबूत स्प्रिंगचा क्लॅम्प लाव, आणि ट्रॉलीवर जिथं क्लॅम्प बसतो तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढ. बीम चढवायच्या आधी क्लॅम्प, उतरवून झाल्यावर सोडायचा. वायर ड्रमच्या बाजूला येणार नाही अशी बघून बांध.

झिरमिळी लावलीस की दुपारी तीनच्या सुमाराला, मीटर तिशीच्या खाली असताना, टेस्टर परत लावून बघ आणि इथं लिही. सकाळी बघून "गेला करंट" म्हणून सांगू नको.